नाशिकमध्ये एकटे राहणारे आई-वडील आणि सरकारी मदत : कुठून सुरू करायचं, कुठे अडतं

मुलं पुण्याला किंवा परदेशात, आई-वडील सिडकोतल्या नाहीतर पंचवटीतल्या घरात. त्यांना घर सोडायचं नाही, आणि हट्टाने का होईना, स्वतःचं स्वतः करायचं आहे. अशा घरासाठी सरकारकडून काय मिळतं, असं विचारत गेलात तर एका खिडकीवर उत्तर मिळत नाही. पैसे महसूल खात्याकडून, काठी-वॉकर समाजकल्याणकडून, दवाखान्याचं कार्ड आरोग्य खात्याकडून आणि संरक्षण प्रांत (उपविभागीय अधिकारी) नाहीतर पोलिसांकडून. चौघांचं एकमेकांशी बोलणं नसतं. त्यामुळे क्रम तुम्हालाच लावावा लागतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. घरी दिवसभर मदतीला ठेवलेल्या मावशींचा पगार यांतली एकही योजना देत नाही. 'अटल वयो अभ्युदय' या केंद्राच्या छत्रयोजनेतून वृद्धाश्रम, फिरते दवाखाने, फिजिओथेरपी केंद्रं चालवायला अनुदान मिळतं, पण ते संस्थांना. तुमच्या घरी त्याचा धनादेश येणार नाही. कुणी एजंट 'केअरटेकरची योजना' म्हणून फॉर्मचे पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

१. आधी आधार आणि बँक, मग बाकी सगळं

अर्ज नामंजूर होण्याची, किंवा मंजूर होऊनही पैसे न येण्याची बहुतेक कारणं इथेच सापडतात. म्हणून फॉर्म आणायला जाण्याआधी या चार गोष्टी तपासा.

नाव : आधारवर 'सुमनबाई', पासबुकात 'सुमन', रेशनकार्डावर माहेरचं आडनाव. असे तीन कागद एकत्र जोडले की टेबलावरचा माणूस फाइल परत करणारच. तिन्ही कागद एकाशी जुळवून घ्या. सगळे आधारशी जुळवणं सोपं, कारण पासबुकातलं नाव शाखेत केवायसी देऊन बदलता येतं. आधारवर नाव बदलायची संधी दोनदाच मिळते.

जन्मतारीख : या पिढीतल्या अनेकांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख असते, कारण नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजाने वर्ष घातलेलं असतं. हे वर्ष दोन-तीनने चुकलं असेल तर पासष्टी किंवा सत्तरी कागदावर अजून यायची असते. शाळेचा दाखला किंवा जन्माचा उतारा मिळत असेल तर दुरुस्ती करून घ्या. पण ती एकदाच करता येते, तेव्हा कागद हातात आल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका.

मोबाइल : आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, नाहीतर तो मुलाचा असतो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. नंबर आई-वडिलांच्या हातातल्या फोनचाच ठेवा. आधार केंद्रापर्यंत जाणं जमत नसेल तर पोस्टात विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन नंबर अद्ययावत करतो.

डीबीटी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं) : 'आधार बँकेला लिंक आहे' आणि 'सरकारी पैसे या खात्यात येतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं म्हणजे डीबीटी चालू झालं असं नाही. एका आधारवर सरकारी पैसे एका वेळी एकाच बँकेकडे जातात, आणि ज्या बँकेची संमती सर्वांत शेवटी दिली तिच्याकडे जातात. नवं पेमेंट्स बँकेचं खातं उघडताना गडबडीत अंगठा दिला की पैसे तिकडे वळतात आणि जुन्या खात्यात आजोबा महिनोन्महिने वाट पाहत बसतात. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही ते दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, त्यामुळे एकाच बँकेत दोन खाती असतील तर शाखेत जाऊन विचारावं लागेल. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. तेही त्याच फेरीत जागं करून घ्या.

बोटांचे ठसे उमटत नाहीत ही वयाची नेहमीची अडचण. शेतात किंवा धुण्याभांड्यांत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषाच पुसट झालेल्या असतात. ऑपरेटर 'मॅच होत नाही' म्हणाला म्हणून परत फिरू नका. डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय आहे का ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आधारची सशुल्क घरपोच सेवाही आहे. तिची चौकशी १९४७ या क्रमांकावर करा.

२. कागदांची फाइल

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मूळ प्रत वेगळी :

- आधार आणि मतदार ओळखपत्र
- रेशनकार्ड, पुढचं-मागचं पान
- पासबुकाचं पहिलं पान. खाते क्रमांक आणि आयएफएससी स्वच्छ वाचता आले पाहिजेत
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- रहिवासाचा पुरावा. श्रावणबाळ योजनेसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं
- वयाचा पुरावा. शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो

यातला वेळखाऊ कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. तो 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. त्याला तलाठ्याचा अहवाल जोडावा लागतो (पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण बोर्ड सोडला तर सगळे तलाठीच म्हणतात). दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला महिनाभरात शिळा होतो. एप्रिल-मेमध्ये काढा, वर्षभर कामाला येईल. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी सेतूवर उसळते, ती टाळा.

अर्ज दिला की टोकन क्रमांकाची पावती घ्याच. हा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो. मुदतीत मिळाला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपील कुणाकडे करायचं ते कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. अनेकदा 'अपील करतोय' एवढं म्हटलं तरी फाइल हलते.

३. काठी, वॉकर, कमोड खुर्ची

इथे दोन योजना आहेत, आणि नावं सारखी असल्याने लोक हमखास गोंधळतात.

*मुख्यमंत्री वयोश्री योजना* राज्याची, फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाची. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. त्यातून साधन तुम्हीच विकत घ्यायचं : चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा, मानेची कॉलर वगैरे. उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र चालतं. गेल्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून फुकट मिळालं नाही, हेही लिहून द्यावं लागतं. चौकशी आणि अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. जाण्याआधी फोन करून अर्ज घेणं चालू आहे का आणि वय कोणत्या तारखेला मोजतात, एवढं विचारा. ही योजना आल्यावर लगेच अर्ज घेतले तेव्हा ३१ डिसेंबर २०२३ ही तारीख धरली होती.

खरी मेख पैसे आल्यानंतर आहे. रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांत खरेदीचं बिल सादर करायचं असतं, नाहीतर रक्कम वसूल होऊ शकते. बिल पक्कं हवं, ज्येष्ठाच्या नावाने, साधनाचं नाव लिहिलेलं. 'सर्जिकल सामान – ३,०००' असं मोघम बिल आणू नका. ते ३,००० घरखर्चात जिरतात आणि मग नोटीस येते, हे टाळायचं असेल तर साधन आधीच ठरवून, दुकानात भाव विचारून ठेवा. खरेदी मात्र पैसे आल्यावरच.

*राष्ट्रीय वयोश्री योजना* केंद्राची, २०१७ पासूनची. इथे पैसे मिळत नाहीत, साधनच मिळतं आणि कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ते पुरवते. वय ६०, आणि दारिद्र्यरेषेखालील असणं किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. हे काम शिबिरात होतं आणि शिबिरं दोन असतात. पहिल्यात तपासणी आणि मापं, दुसऱ्यात वाटप, मध्ये बराच काळ जातो. पहिल्या शिबिरात नाव नसेल तर दुसऱ्यात रांगेत उभं राहून उपयोग नाही. पहिल्यात मिळालेली पावती म्हणूनच जपून ठेवा.

कोणती योजना कशासाठी? काठी, वॉकर, कमोड खुर्ची ३,००० मध्ये बसते, तेव्हा राज्याची घ्या. श्रवणयंत्राला हे पैसे पुरत नाहीत. एवढ्यात जे मिळतं ते नुसता आवाज मोठा करणारं असतं, आणि आजी ते दोन दिवसांत कपाटात ठेवून देतात. जिल्हा रुग्णालयात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या आणि यंत्र शिबिरातून मिळतंय का ते बघा. चष्म्यावरही हे पैसे घालवू नका, त्याआधी मोतीबिंदू आहे का ते तपासा. सरकारी रुग्णालयात ती शस्त्रक्रिया मोफत होते.

आता खरेदी. गोळे कॉलनी परिसरातल्या सर्जिकलच्या दुकानात आई-वडिलांना सोबत न्या. ते शक्य नसेल तर मापं तरी न्या.

काठीची उंची : माणूस सरळ उभा, हात सैल सोडलेला. मनगटाची घडी जमिनीपासून जिथे येते, तिथे मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. घरात अनवाणी चालत असतील तर माप अनवाणी घ्या, चपलेचं माप घेतलंत तर घरात काठी उंच होते आणि खांदा वर चढतो. बटण दाबून उंची बदलणारी ॲल्युमिनियमची काठी बरी. काठी दुखऱ्या पायाच्या *विरुद्ध* हातात धरायची असते. जवळजवळ सगळे उलटं धरतात, आणि दुकानदारही सांगत नाही.

ट्रायपॉड सपाट फरशीवर छान, पण अरुंद जिन्यावर त्याचे तिन्ही पाय एका पायरीवर बसत नाहीत. सिडकोच्या जुन्या घरांतले जिने असेच चिंचोळे आणि चढे असतात. तिथे एकपायी काठी आणि भिंतीला दोन्ही बाजूंनी कठडा हेच चालतं. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की ओल्या फरशीवर ती घसरते. चार जास्तीची रबरं त्याच बिलात घेऊन ठेवा.

कमोड खुर्ची घेताना घरातलं शौचालय बघा. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर खुर्ची त्याच्यावरच उभी राहायला हवी. चारही पाय भांड्याच्या आणि पायऱ्यांच्या बाहेर, सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. भांड्याची बाहेरची रुंदी आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजून न्या. एक पाय जरी उतारावर आला तरी खुर्ची डुगडुगते. चाकांची खुर्ची घेतली असेल तर बसण्याआधी चाकांना ब्रेक लावायची सवय लावा. व्हीलचेअरच्या बाबतीत दारं आधी मोजा. साधी व्हीलचेअर साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असते, बाथरूमचं दार चौकट धरून कधीकधी तेवढंच भरतं, आणि वर उंबरठा असतोच.

४. दरमहा पेन्शन

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन : वय ६५, महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या नाशिकमध्ये दोन घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईचं उत्पन्नही याहून जास्त असतं, ही मर्यादा काळाच्या फार मागे आहे. पण आहे ती अशी आहे. मुलगा त्याच रेशनकार्डावर असेल तर त्याचं उत्पन्न मोजलं जातं. तो खरोखर वेगळा राहत असेल तर रेशनकार्ड आधी विभक्त करून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला त्यानंतर काढा. क्रम उलटा झाला की दाखला पुन्हा काढावा लागतो.

नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना लागू होते. तिच्यात केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत २०० आणि पुढे ५०० रुपये, वरचे राज्य घालतं, आणि एकूण रक्कम तेवढीच होते. त्यामुळे कोणत्या योजनेत बसवलं यावरून वाद घालू नका.

अर्ज सेतूतून किंवा तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, म्हणून अर्ज दिल्यावर 'पुढची बैठक कधी' एवढंच विचारत राहा. पैसे आता डीबीटीने येतात, तेव्हा पहिली पायरी टाळली असेल तर ती इथे आडवी येतेच. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पेन्शन मुकाट्याने थांबते, कुणी कळवत नाही.

५. सत्तरीनंतर : वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयात विनाशुल्क. आयुष्मान ॲपवर आधार ई-केवायसी करून घरबसल्या काढता येतं. ठसा लागत नाही, ओटीपी किंवा चेहरा चालतो. आई-बाबा दोघंही सत्तरीचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी हे घेता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावी लागते.

हे कार्ड भरती झाल्यावरचं आहे. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडी, घरी येणारी नर्स यात नाही. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र बघा. आणि कार्ड आजारी पडण्याआधी काढा. रुग्णालयात पोचलात की आरोग्य मित्राच्या, म्हणजे तिथे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, खिडकीवर *आधी* जा, डिपॉझिट भरल्यावर नाही. भरलेले पैसे परत मिळवणं हे वेगळंच युद्ध असतं. अमुक आजारासाठी अमुक रुग्णालय मान्य आहे का, हे १४५५५ वर विचारता येतं.

ऐकण्याची, दिसण्याची, चालण्याची अडचण बरीच असेल तर दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठीही अर्ज करा. अर्ज ऑनलाइन, तपासणी त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात. ४० टक्के किंवा अधिक निघालं तर दिव्यांगांच्या योजनाही उघडतात. अर्धांगवायूनंतर वर्षानुवर्षं घरात बसलेल्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

६. घरापर्यंत येणाऱ्या सेवा

बँक : सत्तरीवरच्या ग्राहकांना पैसे काढणं-भरणं, चेकबुक अशा मूलभूत सेवा घरपोच देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिल्या आहेत. शाखा आपणहून सांगणार नाही. लेखी अर्ज द्या आणि शुल्क विचारून घ्या.

पोलीस : एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात ठेवली जाणं अपेक्षित आहे. जवळच्या ठाण्यात जाऊन नाव, पत्ता, शेजाऱ्याचा आणि मुलाचा नंबर, कामाला येणाऱ्यांची नावं नोंदवा. अडीअडचणीला ११२.

हेल्पलाइन : १४५६७ ही एल्डरलाइन, रोज सकाळी ८ ते रात्री ८. योजनेची माहिती, घरातला छळ, एकटेपणा, बेपत्ता ज्येष्ठ, यांपैकी कशासाठीही. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा आणि आई-बाबांकडून एकदा लावून घ्या, म्हणजे खऱ्या वेळी हात अडखळत नाही.

प्रवास : ७५ वर्षांवरच्यांना एसटी राज्यभर मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. ओळखपत्र जवळ हवं, आणि मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. ही सवलत एसटीची, शहरातल्या सिटीलिंक बसला ती लावून वाद घालू नका.

७. मुलांनी पाठ फिरवली तर

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ नुसार उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, यांच्याकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. वकील लागत नाही, स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. मूलबाळ नसेल तर ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे किंवा वारसाने येणार आहे, त्या नातेवाइकावर अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लावायचा असतो, अपवादाने ३० दिवस वाढतात. अर्जासोबत औषधांची बिलं, भाड्याची पावती, महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडा. 'मुलगा बघत नाही' एवढ्या वाक्यावर आकडा ठरत नाही.

कायदेशीर मदत हवी असेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बघा. तिथे मोफत वकिलासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

आणि घर मुलाच्या नावावर करायचं चाललं असेल तर थांबा. याच कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण त्यात सांभाळ करण्याची अट असेल तरच. दुय्यम निबंधकाकडे नेहमीचा छापील मसुदा असतो. त्यात 'प्रेमापोटी' देतो एवढंच लिहिलेलं असतं. 'देणाऱ्याच्या हयातीत त्याच्या राहण्याची, जेवणाची आणि औषधपाण्याची सोय घेणाऱ्याने करावी, या अटीवर' असं एक वाक्य नोंदणीआधी घालून घ्या. सही झाल्यावर ते घालण्यासाठी मुलाचीही संमती लागते.